राहतील की जातील

आमचे सर पेशंटच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. सकाळच्या राउंडला आयसीयूत शिरले की ते थेट खाटेच्या पायथ्याशी जात, वाकून चादर बाजूला करत आणि पेशंटच्या पायाचा अंगठा मुठीत धरून उभे राहत. मग हात हळूहळू वर सरकवत गुडघ्यापर्यंत नेत. पाय कुठपर्यंत गार पडलाय आणि गुडघ्यावर निळसर जाळी उमटली आहे का, एवढंच त्यांना बघायचं असे. रक्त आधी पायातून माघार घेतं, असं ते म्हणत. काचेपलीकडे उभ्या असलेल्या नातेवाइकांना यातलं काही ठाऊक नसे. त्यांना वाटे, एवढा मोठा डॉक्टर आपल्या माणसाच्या पाया पडतोय. एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन बजावलं होतं की आमचे हे डॉक्टरांपेक्षा वयाने लहान आहेत, डॉक्टरांना यांच्या पाया पडू देऊ नका, अशाने आयुष्य कमी होतं.

अंगठा सोडला की सर आमच्यापैकी कुणाकडे तरी मान वळवत आणि विचारत, "राहतील की जातील?"

उत्तर एका शब्दात द्यावं लागे. बघू, सांगता येत नाही, सगळं वरच्याच्या हातात, असली उत्तरं त्यांना चालत नसत. बघू म्हणणाऱ्या एका मुलाला त्यांनी अतिशय अदबीने डोळ्यांच्या वॉर्डात बदली मागायला सांगितलं होतं. कॉम्प्युटर उघडायच्या आधी, रिपोर्ट चाळायच्या आधी आणि मुख्य म्हणजे नातेवाइकांचे चेहरे दिसायच्या आधी आपला अंदाज तोंडाने बोलून टाकायचा. एकदा त्या माणसाची बायको किंवा पोरगी दिसली की अंदाज बिघडतो, आपण दयेपोटी खोटं बोलायला लागतो आणि ती दया त्यांना फार महागात पडते, असं त्यांचं म्हणणं. मी नवीन होते तेव्हा हा प्रकार मला निर्दय वाटला होता. माणूस समोर श्वास घेतोय, आणि आपण त्याच्या पायाशी उभं राहून तो जाणार म्हणून बोलायचं?

सर मात्र त्या माणसाशी बोलतही असत. बेशुद्ध असो, घशात नळी असो, सरांना फरक पडत नसे. "अहो परब, दादरला बोंबील भयंकर महाग झालेत, तुम्ही काही चुकवत नाही आहात," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. सगळ्यांना अहो. आम्हा पोरांना अहो डॉक्टर, झाडणाऱ्या मावशींना अहो मावशी आणि चिडले की आणखीच अहो. जाणार म्हणून ज्याच्याबद्दल आत्ता बोललो त्याला बोंबलाचा भाव कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, जायचेत ना, गेलेले नाहीत.

अंगाने किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत घरून आणलेलं उकळलेलं पाणी. लग्नाला गेले तरी ती बाटली बरोबर असायची. बाहेरच्या पाण्याचा थेंब त्यांच्या घशाखाली उतरत नसे. लग्न केलं नव्हतं. ठाकूरद्वारला एका वाडीत वडिलांच्या वेळच्या जागेत थोरल्या विधवा बहिणीबरोबर राहत. त्यांना सगळं हॉस्पिटल ताई म्हणे, कारण त्या दुपारचा डबा घेऊन स्वतः येत आणि भाऊ जेवतो की नाही हे बघायला कँटीनच्या दारात उभ्या राहत. वॉर्डातल्या लोकांनी सरांचं नाव पंचांग ठेवलं होतं. आज पंचांग काय म्हणतंय, असं एकमेकांना विचारत. सरांना ते ठाऊक होतं. पंचांगात निदान चांगले मुहूर्त तरी असतात, एवढंच ते म्हणाले होते.

अंदाज बोलून झाला की नातेवाइकांना भेटायचं. ते काम सर कुणावर ढकलत नसत. दोन स्टुलं आणवत, समोरच्याला बसवत, स्वतः बसत, आणि पहिला प्रश्न विचारत की यांना खायला काय आवडतं. लोक गोंधळत, मग सांगत. कुणाला सुकट, कुणाला बासुंदी, कुणाला नुसता पाव. ते सगळं ऐकून घेतल्यावर सर सांगत, हे राहणार नाहीत. शब्द तेवढेच, आवाजही तोच. त्यानंतर मात्र ते जागचे हलत नसत. समोरचा माणूस स्वतःहून उठेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा नियम होता. रडून होऊ दे, भांडून होऊ दे, भिंतीकडे बघत बसू दे. एकदा लालबागचे एक म्हातारे गृहस्थ बायकोची बातमी ऐकून अख्खी दुपार बसून राहिले, आणि सर त्यांच्यासमोर बसून राहिले, आणि डबा घेऊन ताई दारात उभ्या राहिल्या.

कोविडच्या काळात कुणाला समोर बसवता येत नव्हतं. सगळं फोनवर. तेव्हा त्यांनी नियम बदलून घेतला: पलीकडच्याने फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. त्या पांढऱ्या बंद पोशाखात, घामाने निथळत, हा माणूस फोन कानाला लावून मुका उभा असायचा. पलीकडून नुसतं रडणं, मध्येच घरातल्या कुकरची शिट्टी. आम्ही खुणेने सांगायचो, सर, ठेवा आता. ते मान हलवायचे. मला त्या दिवसांतलं दुसरं फारसं काही आठवू नये असं वाटतं, पण ते तसे उभे असलेले आठवतात.

हॉस्पिटलने पुढे एक सॉफ्टवेअर आणलं. पेशंटचे आकडे भरले की तो वाचण्याची शक्यता किती, हे टक्क्यांत सांगायचं. व्यवस्थापनातल्या एका तरुण साहेबांची फार इच्छा होती की नातेवाइकांना हा टक्काच सांगावा, म्हणजे सगळं कसं स्वच्छ आणि शास्त्रशुद्ध. सरांनी त्यांना शांतपणे विचारलं, "पावसाचा साठ टक्के सांगितलात तर मी छत्री घेईन. बापाचा साठ टक्के सांगितलात तर मुलाने काय घ्यायचं?" खरं म्हणजे सर आकड्यांच्या विरुद्ध नव्हते, ते रोज बघायचेच. पण आकडा शंभर जणांचा असतो, म्हणायचे, आणि ज्याचा माणूस आत आहे त्याचा एकच असतो, त्याला एकतर तो घरी मिळतो नाहीतर मिळत नाही.

आता यातली खरी गोम सांगते. आमच्याकडे येणारी बरीचशी माणसं आसपासची. परळ, काळाचौकी, शिवडी, नायगाव. सरांनी नाही म्हटलं की त्यातले पुष्कळ जण आपला माणूस घरी घेऊन जात. मशीनवर, परक्या भिंतींत जीव जाण्यापेक्षा आपल्या खोलीत, आपल्या माणसांत जावा म्हणून. कागदावर सही करायची, अँब्युलन्समध्ये रबरी पिशवीने श्वास देत घरी पोचायचं, सगळ्यांनी डोळे भरून बघायचं आणि मग नळी काढायची. म्हणजे सरांचा शब्द हा नुसता अंदाज नव्हता. त्या शब्दावर मशीन बंद होत होतं. इतर डॉक्टर म्हणत, तुमचा अंदाज कधी चुकत नाही. सरांना हे कौतुक टोचत असे. मी जाणार म्हणालो, त्यांनी नेलं, तो गेला, मग माझं उत्तर बरोबर होतं हे ठरवलं कुणी, असं ते विचारत. बाकीच्यांनी तो प्रश्न सोडून दिला होता आणि जेवायला जात होते.

सर रविवारी त्या घरांत जात.

माणूस घरी नेल्यानंतरचा पहिला रविवार चुकवत नसत. फोन करत नसत, फोनवर विचारायची ती गोष्ट नाही म्हणत. मी नायगावच्या चाळीत वाढलेली, त्या बाजूच्या गल्ल्या मला पाठ, म्हणून मला बरोबर घेत. जिना चढायच्या आधी खाली क्षणभर थांबत, कठड्यावर हात ठेवून. घरातल्यांना वाटे डॉक्टर भेटायला आले. ते खुर्ची पुसून देत. मग सर विचारत, किती वेळ राहिले, काही बोलले का, आणि पाणी मागितलं का. हा शेवटचा प्रश्न मला बरेच दिवस कळला नव्हता. नळी असलेल्या माणसाला तोंडाने पाणी देता येत नाही. शुद्धीवर असतात ते हाताने खुणा करून मागतात, आणि आम्ही कापसाचा ओला बोळा ओठांना लावतो. घरी नेलं तर एवढं एक तरी मिळतं, चमचाभर पाणी, घरच्या भांड्यातलं, असं सर एकदा वरळीकडून परतताना बोलून गेले. त्यांच्या नाही या शब्दातून कुणाचं काही भलं झालं असेल तर ते तेवढंच, असं त्यांना वाटत असावं. आणि त्या घरांत पुढे केलेलं पाणी ते पीत. नळाचं, माठाचं, कसलंही. उकळलेल्या पाण्याची बाटली पिशवीत असताना भांडं शेवटपर्यंत रिकामं करत.

या रविवारांची ख्याती अशी पसरली होती की ते एकदा काही कामासाठी आमच्या चाळीत आले, तर माझी आई हातातलं पीठ तसंच घेऊन मला आत ओढत म्हणाली, "हा माणूस कुणाच्या घरी का जातो ते मला माहीत आहे. आपल्यात कोण आजारी आहे, खरं सांग." सरांनी ते ऐकलं. ते आईला म्हणाले, तुमचे पाय गरम दिसतात, काळजी करू नका. आईने त्या दिवशी त्यांना चहा दिला खरा, पण ते जाईपर्यंत बसली नाही.

शिवडीचा एक माणूस होता, गोदामात हमाली करणारा, मालवणकडचा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून रोज जाऊन लेप्टो झालेला. आमच्याकडे आला तेव्हा पिवळा पडलेला, किडन्या बंद, वर झटके. झटके थांबावेत म्हणून झोपेचं औषध चालू होतं. पुढे ते बंद केलं तरी त्याने डोळे उघडले नाहीत. चिमटा काढला तरी हालचाल नाही. मेंदूच गेला असं आम्ही सगळ्यांनी धरलं. किडनी काम करत नसली की ते औषध अंगात साठून राहतं, हे आम्हाला पुस्तकात पाठ होतं. पण डायलिसिस चाललंय, आता निघून गेलं असणार, असं सगळ्यांनी मनातल्या मनात गृहीत धरलं आणि कुणीच ते मोठ्याने बोललं नाही. सरांनी अंगठा धरला, गार होता. विचारलं. त्या दिवशी सगळ्यांचं उत्तर एकच होतं आणि सरांचंही तेच. बायकोने पदर तोंडाला लावून ऐकून घेतलं आणि त्याला घरी नेलं.

नंतरच्या रविवारी आम्ही गेलो. खोलीचं दार उघडंच होतं. खाटेवर भिंतीला टेकून तो माणूस बसला होता आणि बायको त्याला चमच्याने पेज भरवत होती. गळ्याचं हाड वर आलेलं, डोळे अजून पिवळट, पण बसला होता. नळी काढली तरी तो श्वास घेत राहिला होता, मग एक दिवस त्याने डोळे उघडले, मग लघवी व्हायला लागली, मग भूक लागली. बायकोने आम्हाला पाहिलं आणि ती लगबगीने उठली. शेजारणीला हाक मारून तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "हेच ते डॉक्टर. हेंनीच सांगितल्यानी, घराक न्हेवा. म्हणान वाचले हे."

तिने वाकून सरांना नमस्कार केला. माणसाने हात जोडले. सर दारातच उभे होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते पुढे झाले, खाली वाकले आणि त्याच्या पायाचा अंगठा मुठीत धरला. "गरम आहे," म्हणाले. बराच वेळ धरून राहिले. तो माणूस अवघडून पाय ओढून घ्यायला लागला तेव्हा त्यांनी सोडला. पाणी आलं, पण त्या घरात त्यांनी ते प्यायलं नाही. भांडं हातात घेऊन परत ठेवलं.

त्याला दुसऱ्या दिवशी आम्ही परत दाखल करून घेतलं, त्याची किडनी सुधारली, तो धड झाला आणि पुढे कामावरही गेला. मला त्या रविवारी आनंद झाला होता हे मी लपवणार नाही. बाहेर आल्यावर मी तसं म्हणालेसुद्धा. गोदामांच्या रस्त्याने ट्रक जात होते, चिखलाचा वास येत होता, सर पिशवी छातीशी धरून चालले होते.

"डॉक्टर," ते म्हणाले, "याच्या आधीचे?"

मी म्हटलं, सर, आधीचे सगळे गेले. आपण स्वतः जाऊन बघून आलोय.

"जायचेच होते म्हणून गेले, की आपण घरी पाठवलं म्हणून गेले? ते कुठे बघितलंय आपण?"

मला वाटतं, त्या दिवसापर्यंत सर जिन्याखाली थांबत तेव्हा मनातून हेच मागत असत की आपण चुकलेले असू दे. आणि मागितलेलं मिळालं तेव्हा ते त्यांना पेलवलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून सरांच्या सांगण्यात एक वाक्य वाढलं. स्टुलं तीच, आवडीच्या खाण्याचा प्रश्न तोच. हे राहणार नाहीत, असं सांगून झालं की ते म्हणत, "मी एकदा चुकलो आहे."

या एका वाक्याने आमच्या वॉर्डाची दशा करून टाकली. बुडणाऱ्याला दुसरं काय लागतं? लोक आधीचं सगळं विसरत आणि ते वाक्य पकडून बसत. दादरच्या एक निवृत्त बाई, शाळेत शिकवायच्या, अगदी शांत चेहऱ्याच्या. त्यांचं काही उरलं नव्हतं. मुलगा त्यांना घरी न्यायला तयार झाला होता, गाडी सांगून झाली होती. सरांनी ते वाक्य उच्चारलं आणि मुलाने गाडी परत पाठवली. बाई कितीतरी दिवस तशाच राहिल्या. बोटं काळी पडली, पाठीला जखमा झाल्या, आणि तो रोज येऊन विचारायचा, आज काही फरक? शेवटी मशीनवरच गेल्या, नळी तोंडात असताना. मुलाने सरांना दोष दिला नाही. तुम्ही म्हणाला होतात ना चुकता म्हणून, एवढंच म्हणाला. मला वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, आपल्या मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून आपण ती त्यांच्या उरावर ठेवतोय. खरं आहे म्हणून सगळंच सांगायचं असतं का?

ते डबा उघडून बसले होते, जेवत नव्हते. म्हणाले, "अहो डॉक्टर, माणूस त्यांचा. तो निवाडा इतकी वर्षं मी एकट्याने करत होतो, आणि त्यांना वाटत होतं की मला माहीत आहे."

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटत नाही. त्या बाईंची बोटं आठवली की मी चिडते, आणि शिवडीचा तो पेज खाणारा आठवला की गप्प होते. सर निवृत्त होईपर्यंत ते वाक्य म्हणत राहिले. व्यवस्थापनाने समज दिली, सहकाऱ्यांनी टोमणे मारले. रविवारही चालू होते, पण आता जायला घरं कमी झाली होती.

गेल्या वर्षी ताई त्यांना घेऊन आल्या. साधा न्युमोनिया म्हणून सुरुवात, मग रक्तात विष पसरलं, मग किडन्या, मग घशात नळी. आता तो आयसीयू माझ्याकडे आहे. सकाळच्या राउंडला मी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी गेले, चादर बाजूला केली आणि अंगठा धरला. त्यांचे पाय मी कधी पाहिले नव्हते. लांबट, स्वच्छ, नखं नीट कापलेली. गार होते. हात गुडघ्यापर्यंत नेला तरी गारच, आणि गुडघ्यावर जाळी. झोपेचं औषध अंगात उरलेलं नाही ना, हे मी स्वतः तपासलं होतं, मोठ्याने बोलून, दोनदा. शिवडीनंतर आम्ही सगळे तसंच करतो.

मागे पोरं उभी होती. मी विचारलं, राहतील की जातील? त्यांना हे कोण आहेत ते माहीत होतं. मग मीच उत्तर दिलं, आणि सरांना सांगितलं की दादरला बोंबील अजून महागच आहेत.

दोन स्टुलं आणवली. ताई बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत ती पाण्याची बाटली होती. यांना खायला काय आवडतं, असं मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"त्याला कसलं काय आवडतंय," ताई म्हणाल्या. "पानात पडेल ते खातो. पाणी तेवढं उकळून लागतं. पुढचं सांग."

मी सांगितलं, सर राहणार नाहीत. तिथेच थांबले. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं, ज्याच्यासाठी मी त्यांच्याशी भांडले होते ते. मी ते गिळलं. पण ताई त्या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिल्या होत्या.

"आणि तू चुकलीस तर?"

"तर फार बरं होईल, ताई. रविवारी येऊन बघते."

त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघी बसून राहिलो. मला फोन येत होते, मी ते घेतले नाहीत. बऱ्याच वेळाने त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, चल, गाडीचं बघ. तेव्हा मी उठले.

आमचा एक डॉक्टर बरोबर गेला. परत येऊन त्याने सांगितलं की नळी काढली आणि सर आपला आपण श्वास घेत होते, तो निघाला तोपर्यंत तरी. त्यानंतर ताईंचा फोन नाही. मला फोन करता आला असता. केला नाही. एकेक दिवस जात होता, फोन येत नव्हता, आणि मी वेड्यासारखी हिशेब करत होते की काही झालं असतं तर कळलंच असतं. शिवडीचा माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता. माझ्यासारख्या रोज मरण बघणाऱ्या बाईने अशी आशा धरावी याची मला लाज वाटत होती, आणि आशा जात नव्हती.

रविवारी ठाकूरद्वारला गेले. वाडीत शिरले, लाकडी जिन्यापाशी आले आणि कठड्यावर हात ठेवून थांबले. मग वर चढले.

दार ताईंनी उघडलं. आतल्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"शुक्रवारी गेला," त्या म्हणाल्या. "फोन केला नाही. तू येणारच होतीस."

मी खुर्चीवर बसले. मी बरोबर ठरले होते. आपण बरोबर ठरलो याचा इतका संताप मला कधी आला नव्हता. मी सरांचेच प्रश्न विचारले. किती वेळ राहिले, ते कळलंच होतं. काही बोलले का?

"मधूनमधून पुटपुटायचा. पेशंटांची नावं असावीत. तुझं नाव नाही घेतलं हो, उगाच खोटं कशाला सांगू."

"पाणी मागितलं?"

ताईंनी पदराने नाक पुसलं. "मागितलं. बाटली शोधायला वेळ नव्हता, मी नळाचंच दिलं, चमच्या चमच्याने. उकळलेलं आहे का म्हणून विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा."

त्या उठून आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी भांडं माझ्यापुढे धरलं आणि समोर बसल्या. मी ते पाणी शेवटपर्यंत प्यायले. मग भांडं मांडीवर धरून त्या उठेपर्यंत बसून राहिले.